खांद्यावरचा हात

फोटोतला माणूस मागच्या भिंतीपासून, झाडापासून, गर्दीपासून सुटा करायचा, याला फोटो स्टुडिओत आणि फ्लेक्सच्या दुकानात ‘कटिंग’ म्हणतात. वाढदिवसाचा फ्लेक्स, लग्नाचा करिझ्मा अल्बम, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन विकायची साडी, श्रद्धांजलीचा बोर्ड, यांतलं एकही काम कटिंगशिवाय पुरं होत नाही. या कामात किती निर्णय घ्यावे लागतात, हे मात्र गिऱ्हाइकाला बहुधा ठाऊक नसतं.

कोल्हापुरात माझ्या परिचयाचे एक मामा आणि त्यांची भाची आहेत. मामांचा स्टुडिओ डार्करूमच्या काळापासूनचा. भाची त्याच दुकानाच्या माडीवर बसून ऑनलाइन विक्रेत्यांसाठी वस्तूंचे फोटो तयार करते, आणि खालची गर्दी वाढली की मामांचंही काम उरकते. दोघांचा जीव कामात आहे, म्हणूनच दोघांचं पटत नाही. एका संध्याकाळी माझ्यासमोर झालेलं त्यांचं बोलणं इथे देत आहे. मधे मला जे सांगावंसं वाटलं, तेही लिहिलं आहे.

भाची : मामा, बघा. फोटो उघडला, ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ दाबलं, नवरी सुटी झाली. तुम्ही पेन टूल घेऊन बसला असता तर अर्धा तास गेला असता.

मामा : गेला असता. पण नथ वाचली असती. झूम कर जरा. अजून. चारशे टक्क्यांवर ने. नवरी बाजूला बघतेय, नथ ओठांच्या पुढे आलीय. नथीच्या पोकळीत काय दिसतंय?

भाची : मागचा लाल पडदा.

मामा : म्हणजे तुझ्या मशीनने नथ भरीव धरली. मोत्यांची रांग, मधला खडा, वरची तार, यांच्यामध्ये फटी आहेत. प्रत्येक फटीतून मंडप दिसतो. आता तू हिच्यामागे वाड्याचा चौक लावणार. सगळं बदलेल आणि नथीत मंडपाचा पडदा तसाच अडकून राहील. आईबाप अल्बम उघडून आधी मुलीचा चेहरा बघतात, आणि चेहऱ्यावर आधी नथ दिसते.

भाची : फटी मी हाताने काढणारच होते. माझं म्हणणं एवढंच, की शालूची, खांद्याची, हाताची कड मशीनने बरोबर धरलीय. तिथे वेळ कशाला घालवायचा?

मामा : कारण हात फिरतो तेव्हा नजर फिरते. पेनने कड चालवताना मी त्या माणसाच्या भोवती एकदा पुरता फिरून येतो. पदर कुठे दुमडलाय, कानाचा वेल केसांत कुठे अडकवलाय, मुंडावळ्यांची सर कपाळाच्या बाहेर आलीय का, हे सगळं वाटेत दिसतं. तुला ते दिसायच्या आधीच काम संपलेलं असतं.

भाची : मला शेवटी दिसतं. मशीनचं सिलेक्शन आलं की मी मागे गडद गुलाबी रंग भरते आणि कड तपासते. चुकलेलं तिथल्या तिथे उठून दिसतं. आधी फिरायचं की नंतर फिरायचं, एवढाच फरक.

पेन टूल ज्यांनी हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कडेवर एक बिंदू ठेवायचा, पुढे दुसरा ठेवून माउस तसाच ओढायचा. दोन बिंदूंमधली रेघ वाकते आणि बिंदूला दोन दांडे फुटतात. दांडे हलवून वळण हवं तसं करता येतं. हे गणित फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांत, गाडीच्या पत्र्याची वळणं आखण्यासाठी तयार झालं. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी ते वेगवेगळं मांडलं. नाव बेझिए यांचं लागलं. १९८७ साली अडोबीच्या इलस्ट्रेटरमध्ये त्याचं पेन टूल झालं आणि पुढे ते फोटोशॉपमध्येही आलं. मामा गालाच्या कडेला फार तर तीन बिंदू टाकतात. शिकाऊ मुलगा तिथे पंधरा टाकतो आणि गाल खडबडीत करून ठेवतो. वळण जिथे बदलतं तिथेच बिंदू, हा मामांचा पहिला धडा. दुसरा असा, की कड माणसाच्या एक पिक्सेल आतून चालवायची आणि मग अर्ध्या पिक्सेलचा फेदर द्यायचा, म्हणजे कड किंचित मऊ करायची. तसं केलं नाही तर मागचा रंग बारीक दोऱ्यासारखा माणसाभोवती चिकटून येतो आणि नव्या बॅकग्राउंडवर तो लगेच उघडा पडतो.

भाची : गालाला पेन टूल उत्तम, मान्य. केसांचं काय करता?

मामा : केस जमतील तसे.

भाची : म्हणजे छाटता. तुमचे जुने अल्बम काढा. प्रत्येक नवरीचं डोकं गुळगुळीत, हेल्मेट घातल्यासारखं. कानामागे सुटलेली बट, कपाळावरची बारीक लव, गजऱ्याबाहेर आलेली टोकं, सगळं गेलेलं. मामा, तुम्ही म्हणता माणूस कुठे संपतो ते तुम्हाला कळतं. मग एवढ्या मुलींचे केस का कापलेत?

मामा : पेनने एकेक केस काढणं हाताच्या आवाक्यातलं नाही. केस फोटोत कधी कधी पिक्सेलपेक्षाही बारीक पडतो.

भाची : तेच म्हणतेय मी. तिथे कड नसतेच. त्या जागचा पिक्सेल थोडा केस असतो, थोडा पडदा. आत की बाहेर, असं विचारलंत की उत्तर चुकणार. किती आत, असं विचारावं लागतं.

या ‘किती’ला संगणकवाले अल्फा म्हणतात. अल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमुल यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना मांडली. एका चित्रावर दुसरं चित्र बसवताना ती कशी चालवायची, याचं गणित टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली लिहून काढलं. शून्य म्हणजे पूर्ण आरपार, एक म्हणजे पूर्ण भरीव. फोटोशॉपच्या साध्या मास्कमध्ये याच्या २५६ पायऱ्या असतात: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, मधे करड्या छटा. आता खरी अडचण पाहा. कॅमेरा आपल्याला प्रत्येक पिक्सेलचे तीन आकडे देतो, लाल, हिरवा आणि निळा. शोधायचे मात्र सात असतात. केसाच्या खऱ्या रंगाचे तीन, पडद्याच्या खऱ्या रंगाचे तीन आणि सातवा अल्फा. तीन आकड्यांवरून सात काढायचे तर अंदाज करावाच लागतो. मामांनी केस गुळगुळीत कापले तो त्यांचा अंदाज होता, आणि तो वाईट होता. केसांच्या बाबतीत मी निःशंकपणे भाचीच्या बाजूने आहे. सुटलेली बट हाही त्या मुलीच्या चेहऱ्याचा भाग आहे आणि सोय म्हणून ती कापायचा अधिकार कुणाला नाही.

मामा : केसांसाठी माझी एक रीत होती, ती तू विसरतेस. चॅनलची.

भाची : विसरले नाही. सांगा यांना.

मामा : रंगीत फोटोत तीन थर असतात. एकेक उघडून बघायचा. ज्यात केस आणि मागचा भाग यांच्यात सगळ्यात जास्त फरक, त्या चॅनलची कॉपी करायची. मग लेव्हल्स ओढून काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं करायचं. चेहऱ्याचा भाग ब्रशने भरून टाकला की तयार मास्क मिळतो, आणि केस न् केस येतो. पण त्यासाठी फोटो काढतानाच विचार करावा लागतो. मी नवरीला रंकाळा तलावाच्या काठावर मोकळ्या आकाशासमोर उभी करायचो. निळ्या चॅनलमध्ये आकाश जवळजवळ पांढरं येतं आणि केस काळे कुळकुळीत. कटिंगचं निम्मं काम मी कॅमेऱ्यातच करून आणायचो.

भाची : आणि ज्या नवरीचा फोटो हॉलच्या मरून पडद्यासमोर काढला, तिचे केस गेले.

मामा : गेले.

भाची : म्हणून सांगते, मशीनला नावं ठेवू नका. मेटा कंपनीने एप्रिल २०२३मध्ये ‘सेगमेंट एनिथिंग’ काढलं. एक वस्तू कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे शिकवायला १ कोटी १० लाख फोटोंमधले ११० कोटी मास्क जमवले. एवढे फोटो तुम्ही जन्मात बघणार नाही.

मामा : ते मास्क काढले कुणी?

भाची : सुरुवातीला माणसांनी. नंतर जवळजवळ सगळे मशीननेच.

मामा : म्हणजे मशीनने काढलेलं बघून मशीन शिकलं. मग मी नथ दाखवतो तेव्हा चिडतेस का? नथ काय असते हे ज्याला ठाऊक आहे, असं कुणीतरी साखळीत कुठेतरी पाहिजे की नको?

भाची : पाहिजे. ती मी आहे. म्हणून तर पगार घेते.

हे उत्तर मामांना आवडलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी विषय हिरव्या पडद्याकडे नेला. प्री-वेडिंग करणाऱ्या एका पोराने हिरवा पडदा लावून नवरीचं शूटिंग केलं होतं आणि ते निस्तरायला यांच्याकडे आणलं होतं.

भाची : डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल किंवा निळ्या ठिपक्यांच्या दुप्पट हिरवे ठिपके असतात. हिरव्याची नोंद सगळ्यात स्वच्छ येते म्हणून स्टुडिओवाले हिरवा पडदा लावतात. पुस्तकात बरोबर आहे.

मामा : आणि आपल्या नवरीच्या हातात काय असतं? हिरवा चुडा. अंगावर काय, तर हिरवा शालू. पडदा काढायला गेलीस तर चुडा गेला, शालूला भोकं पडली. आमच्याकडची नवरी म्हटली की पडदा निळा. हे त्या पोराला पुस्तकाने सांगितलं नाही.

भाची : चुड्यावरून आठवलं. ऑनलाइन विकायला काचेच्या बांगड्या आल्या होत्या. काच आरपार, त्यात रंग, वर चमक. एका क्लिकने काय व्हायचं ते झालं, बांगड्या मातीच्या असाव्यात तशा भरीव आल्या. मग मी जुनी रीत शोधून काढली. बांगड्या हलवायच्या नाहीत, कॅमेरा स्टँडवर, लाइट तोच. एक फोटो मागे काळा कागद ठेवून, दुसरा पांढरा ठेवून. जिथे वस्तू भरीव असते तिथे दोन्ही फोटोंत रंग सारखा येतो. जिथे काच आरपार असते तिथे काळ्यावर काळपट आणि पांढऱ्यावर फिकट. त्या फरकावरून काच किती आरपार आहे, ते पिक्सेलगणिक काढता येतं.

ही रीत कागदावरही पक्की आहे. अल्व्ही रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी १९९६ साली ती गणिताने सिद्ध केली. मागचे दोन्ही रंग माहीत असले की शोधायचे आकडे चार उरतात आणि हातात सहा असतात. इथे अंदाज संपतो, हिशेब सुरू होतो. काचेतून वाकडं दिसणारं प्रतिबिंब यात धरता येत नाही, पण बांगडीला तेवढं पुरतं. भाचीने त्या रीतीने केलेला चुडा मी पाहिला आहे. पिवळ्या कागदावर ठेवला की काचेतून पिवळं दिसतं, निळ्यावर ठेवला की निळं.

मामा : याला मी काम म्हणतो. बांगडीला दोनदा विचारलंस.

भाची : पण रोज असं करायला परवडत नाही. अॅमेझॉनला मुख्य फोटोचं बॅकग्राउंड शुद्ध पांढरं लागतं, तिन्ही आकडे २५५. वस्तूने ८५ टक्के चौकट भरली पाहिजे. कोल्हापुरी चपलांचे ढीग येतात. तिथे क्लिकच करावं लागतं.

मामा : आणि सावली?

भाची : सावली वेगळ्या लेअरवर ठेवते, मल्टिप्लाय मोडमध्ये. नाहीतर चप्पल हवेत तरंगते. हे तुमच्याकडूनच शिकले.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल की दोघांचं जुळत आलं. तसं झालं नाही. जुन्या दिवसांचा विषय निघाला आणि सूर बदलला. मामांनी निगेटिव्हवरचं कटिंग सांगितलं. माणसाच्या भोवतीचा सगळा भाग बारीक ब्रशने लाल अपारदर्शक रंगाने भरायचा. त्याला ते ‘ओपेक’ म्हणत. रंग लावलेल्या भागातून उजेड जात नाही, त्यामुळे छापताना तिथला कागद कोरा पांढरा राहतो आणि माणूस एकटा उरतो. फोटोतून भाग वेगळे काढून जोडण्याची कला त्याहून कितीतरी जुनी. ऑस्कर रेजलँडरने इंग्लंडमध्ये १८५७ साली तीसेक निगेटिव्ह एकाच चित्रात जोडले होते. एक भाग छापताना बाकीचा कागद झाकायचा, असं करत करत. फोटोशॉप १९९० साली आलं, त्यातले लेअर १९९४मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी एकदा चिकटवून सिलेक्शन सोडलं की माणूस मागच्या चित्रात मिसळून जायचा. पुन्हा उचलता यायचा नाही. मामा म्हणतात, तेव्हा चिकटवण्याआधी माणूस विचार करत असे.

भाची : विचार करून काय करत होतात तेही सांगा. शेतकऱ्याला कोट-टाय कुणी चढवला?

मामा : मी.

भाची : जन्मभर धोतर-सदऱ्यात राहिलेला माणूस, भिंतीवर मात्र टाय लावून. डोकं कापायचं आणि तयार कोटावर बसवायचं. काळ्यासावळ्या बायकांना ब्रशने गोरं कुणी केलं? कुडी नव्हती तिथे कुडी कुणी रंगवली? आता मशीन तेच करतं तर तुम्हाला खुपतं.

मामा : पोराने येऊन सांगितलं, वडिलांना कोट घालायची हौस होती, राहून गेली. म्हणून घातला. मागितलं ते दिलं. आणि जो फोटो बघेल त्याला कळत होतं की कोट रंगवलेला आहे. रंगाचा हात दिसायचा. त्या इरकली लुगड्याच्या फोटोत तसं दिसतं का? ते सांग यांना. भांडण खरं त्याचं आहे.

भाची : एक गृहस्थ आले. आई गेली होती. एकटीचा धड फोटो नाही. एका लग्नातला ग्रुप फोटो होता, त्यात त्या खुर्चीवर बसलेल्या, डोक्यावर पदर. त्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मी घेतला नाही. जेपीजी फोटो आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून साठवला जातो, आणि रंगाचे बारकावे उजेडाच्या बारकाव्यांपेक्षा कमी ठेवले जातात. लाल काठ पांढऱ्या भिंतीला लागतो तिथली कड त्यात पुसट होते. घरून मूळ प्रिंट मागवली, स्कॅन केली. आईंच्या उजव्या खांद्यावर मागून कुणाचा तरी हात. चार बोटं आणि दोन बांगड्या. गृहस्थ म्हणाले, आईला एकटीला काढा, हात नको, तेराव्याला फ्रेम पाहिजे. मी आईंना सुटं केलं. हात काढला तर खांद्यावर हाताच्या आकाराचं भोक. ते जनरेटिव्ह फिलने भरलं. चांगलं दिसत होतं.

मामा : चांगलं दिसत होतं हेच वाईट. काठाकडे बघ म्हटलं मी. इरकलीचा लाल काठ, त्यावर साध्या रेघा. मशीनने खांद्यावर जरीची वेलबुट्टी काढली होती. घडी इतकी बरोबर, सावली इतकी बरोबर, की कुणाला शंका येणार नाही. त्या बाईने जन्मात कधी नेसलं नाही असं लुगडं तिच्या अंगावर आलं, आणि ते तिच्या घरात भिंतीवर लागणार होतं.

भाची : तुम्ही दाखवल्यावर मी ते बदललं. मांडीवर तोच काठ दिसत होता. तिथून क्लोन केला, खांद्याच्या वळणाप्रमाणे वाकवला, उजेड जुळवला.

मामा : ते मला चालतं.

भाची : का चालतं? हाताखाली खरं काय होतं हे मलाही ठाऊक नाही, मशीनलाही नाही. पदर तिथे दुमडलेला असेल, काठ आत गेला असेल. मी जे बसवलं तेही झालेलं नाही, केलेलं आहे.

मामा : केलेलं आहे, पण तिच्याच लुगड्याचं. तू विचारलंस तर मी बोट ठेवून सांगू शकतो, हा तुकडा इथून उचलला. मशीनच्या वेलबुट्टीवर बोट ठेवून सांग, ती कुणाच्या लुगड्याची?

तर्काने पाहिलं तर भाचीचं बरोबर आहे. दोन्ही भरणी बनावट. तरी मला मामांचा भेद खरा वाटतो. कटिंग करणाऱ्याला आपल्या प्रत्येक पिक्सेलचा ठावठिकाणा सांगता आला पाहिजे. हा पिक्सेल मूळ फोटोतला, हा मांडीवरून आणलेला, हा मी रंगवलेला. फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल २०२३ साली आलं. तेव्हापासून असे पिक्सेल मिळू लागले आहेत, ज्यांचा ठावठिकाणा ते बसवणाऱ्यालाही सांगता येत नाही. तरीही मामांचा मुख्य मुद्दा अजून यायचा होता.

मामा : काठाचं नंतर. मी त्या गृहस्थांना पहिलं विचारलं, हात कुणाचा?

भाची : आणि मी म्हटलं, विचारायचं कशाला? त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, हात नको.

मामा : ते म्हणाले, मावशीचा असेल. बांगड्या मावशीच्या वाटतात. मावशी आहे का? आहे, तेराव्याला येणार. म्हटलं, मावशी येईल, फ्रेमसमोर बसेल. तिला हा ग्रुप फोटो माहीत असेल. बहिणीच्या खांद्यावर आपण हात ठेवला होता हे तिला आठवत असेल. तिला विचारलंत का?

भाची : दुःखात असलेल्या माणसाला हे विचारणं मला बरं वाटलं नाही. गिऱ्हाइकाला आपण काय शिकवायचं?

मामा : शिकवलं नाही, विचारलं. मशीन विचारू शकत नाही. ते काम दुकानात बसलेल्या माणसाचं.

भाची : मामा, एक गोष्ट वेगळी ठेवा. बातमीचा फोटो असता तर मी तुमच्याहून कडक झाले असते. २०१०मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत एकाचं बक्षीस काढून घेतलं, कारण त्याने फोटोतलं पावलाचं एक टोक पुसलं होतं. एवढंसं टोक, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून जवळ सरकवले, त्यावर वर्षानुवर्षं टीका झाली, तीही योग्य. पण ही घरातली फ्रेम आहे. हार घालायला, उदबत्ती लावायला. तो पुरावा नाही.

मामा : आज नाही. पंचवीस वर्षांनी होतो. ग्रुप फोटोचं काय होतं ते मी इतकी वर्षं बघतोय. घर बदलतात, अल्बमला वाळवी लागते, पुरात जातो. २०१९च्या पुरानंतर लोक भिजलेले अल्बम घेऊन इथे रांगेने आले होते, पानं एकमेकांना चिकटलेली. भिंतीवरची फ्रेम मात्र उंचावर असते, ती वाचते. मग पणतू विचारतो, ही कोण? आणि घरात तिचा तेवढाच फोटो उरलेला असतो. आपण कापलेला.

भाची थोडा वेळ बोलली नाही. मलाही याचं उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही सुचत नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरांत गेलेल्या माणसाची जी प्रतिमा टिकते ती कुठल्यातरी मोठ्या फोटोतून काढलेली असते, मागे निळा किंवा करडा रंग भरलेली. त्या माणसाच्या शेजारी कोण उभं होतं, तो कशाकडे बघून हसत होता, हे सगळं कटिंग करणाऱ्याने त्या दिवशी बाहेर ठेवलेलं असतं. हे काम करू नये असं मी म्हणणार नाही. भिंतीवर एकट्या आईचा फोटो हवा असणं ही साधी, योग्य मागणी आहे. पण बाहेर ठेवलेलं कुठे ठेवलं, याची जबाबदारी दुकानावर येते, आणि ती कुणी घेत नाही.

भाची : म्हणूनच मी खोडरबर वापरत नाही, मास्क वापरते. खोडरबरने पिक्सेल जातात. मास्क लावला की फक्त झाकले जातात, मागचं सगळं त्याच फाइलमध्ये शाबूत. काळ्यावर पांढरा ब्रश फिरवला की हात परत येतो, भिंत परत येते, सगळं लग्न परत येतं. पीएसडी फाइल मी त्यांना पेनड्राइव्हवर देणार होते.

मामा : पेनड्राइव्ह पंचवीस वर्षांनी चालेल?

भाची : प्रिंट पंचवीस वर्षांनी पिवळी पडणार नाही?

मामा : पडेल, पण बघायला मशीन लागणार नाही. फ्रेमच्या मागे पुठ्ठा असतोच. त्या पुठ्ठ्यावर आतून अख्ख्या ग्रुप फोटोची छोटी प्रिंट चिकटवायची आणि पेन्सिलने लिहायचं, कुणाचं लग्न, कुठल्या गावात, हात कुणाचा. काच फुटली, फ्रेम बदलायला आली, की ती बाहेर पडेल.

भाची : हे मला पटतं. पण ‘इथला हात काढलेला आहे’ असं तुम्ही लिहायला सांगताय, ते नको. मावशीने वाचलं तर?

मामा : मावशी पुठ्ठा उघडणार नाही. पणतू उघडेल. त्याच्यासाठी लिहायचं.

गृहस्थांनी शेवटी हात काढूनच फ्रेम नेली. घरात बोलणं झालं आणि आईच एकटी असावी असं ठरलं. काठ मांडीवरून आणलेला, मागे फिकट करडा रंग, पदराखालून निसटलेले पांढरे केस जिथल्या तिथे. पुठ्ठ्यामागची प्रिंट मामांनी स्वतः चिकटवली, तिचे पैसे लावले नाहीत.

भाचीने त्यानंतर दुकानाच्या ऑर्डरच्या कागदावर एक ओळ वाढवली: ‘फोटोत दुसऱ्या कुणाचा हात, खांदा किंवा पदर येतो का? कुणाचा?’ मामांना तिच्याखाली आणखी एक ओळ हवी आहे, की मूळ फोटो गिऱ्हाइकाने परत नेला आणि दुकानाने त्याचा स्कॅन ठेवला आहे. भाची म्हणते, लोकांच्या घरचे फोटो आपण किती वर्षं आणि कुणाच्या परवानगीने साठवायचे? मामा म्हणतात, आपण नाही साठवले तर कोण साठवणार? त्या ओळीवर दोघांचं अजून ठरलेलं नाही, आणि तोवर ऑर्डरचे नवे कागद छापायला गेलेले नाहीत.